ट्रिगरवर बोट कुठे ठेवावे : टोकावर, पेरावर की सांध्यावर?

वाचकाचे पत्र : मी ४१ वर्षांची असून फोर्टमधील एका कार्यालयात नोकरी करते. गेल्या वर्षापासून घराजवळच्या एका क्लबमध्ये १० मीटर एअर पिस्तूल शिकत आहे. मी उजव्या हाताने नेम धरते आणि माझे बहुतेक छर्रे मध्यापासून डावीकडे व थोडे खाली लागतात. प्रशिक्षक म्हणतात, तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग ट्रिगरवर ठेवा. क्लबमधल्या एक ज्येष्ठ रायफल नेमबाज म्हणतात, बोटाचे नुसते टोक टेकवा. माझा भाऊ पोलिसांत आहे. त्याच्या मते बोट पहिल्या सांध्यापर्यंत आत गेले पाहिजे. माझा हात लहान आहे, क्लबच्या पिस्तुलाची ग्रिप (मूठ) मात्र मोठ्या हाताची आहे. मी कोणाचे ऐकावे? बॅकसाइट (नेम धरण्यासाठी पिस्तुलावर मागे असलेली खाच) उजवीकडे सरकवली तर प्रश्न सुटेल का? दोन महिन्यांनी माझी पहिली स्पर्धा आहे. (माहीम, मुंबई)

सप्रेम नमस्कार,

तुम्हाला सल्ला देणारे तिघेही आपापल्या बंदुकीपुरते बरोबर आहेत. तुमच्या हातात एअर पिस्तूल आहे, त्यामुळे तिघांपैकी प्रशिक्षकांचे ऐकायचे, एवढे उत्तर एका वाक्यात देता येईल. परंतु तेवढ्याने तुमचे छर्रे मध्यावर येतील असे मला वाटत नाही, कारण पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलेली ग्रिपची गोष्ट माझ्या मते तिन्ही सल्ल्यांपेक्षा महत्त्वाची आहे. तिच्याकडे येण्याआधी तिघे तीन वेगळी उत्तरे का देतात ते पाहू, म्हणजे पुढे आणखी कोणी चौथे उत्तर दिले तर ते कितपत मनावर घ्यायचे हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल.

भावाच्या हातातले सेवेचे पिस्तूल साधारण एक किलो वजनाचे किंवा त्याहूनही हलके असते आणि त्याचा ट्रिगर दाबायला बहुधा अडीच किलोच्या आसपास जोर लागतो. रिव्हॉल्व्हर असेल आणि एकाच ओढीत घोडा मागे नेऊन सोडायचा असेल, तर जोर त्याहूनही जास्त लागतो. म्हणजे बोटाने लावायचा जोर हत्याराच्या स्वतःच्या वजनाच्या दुपटीहून अधिक होतो. इतका जोर पेराच्या मऊ भागातून सहज लावता येत नाही. तिथे बोट सांध्यापर्यंत आत घेतले की पकड मिळते. शिवाय ते हत्यार दोन्ही हातांनी धरलेले असते, त्यामुळे बोटाचा जोर थोडा तिरका गेला तरी दुसरा हात तो सावरून घेतो. त्यांचे लक्ष्यही मोठे असते. तेव्हा भाऊ सांगतो ते त्याच्या कामात योग्यच आहे.

रायफलची बाजू याच्या अगदी उलट आहे. स्पर्धेची एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत जड असू शकते, ती खांद्याला टेकलेली असते, तिचा भार कमरेवर टेकवलेल्या डाव्या हातावर असतो आणि तिच्या ट्रिगरला किमान वजनाची, म्हणजे तो दाबायला लागणाऱ्या जोराची, अट नाही. बरेच रायफल नेमबाज तो इतका हलका ठेवतात, की नवख्या माणसाच्या हातून स्पर्श होताच शॉट सुटतो. तिथे टोक टेकवणे हेच शहाणपणाचे असते. आपल्या महाराष्ट्रात रायफलची परंपरा मोठी आहे. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत यांच्यापासून २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या स्वप्नील कुसाळे यांच्यापर्यंतची बहुतेक ठळक नावे रायफलची आहेत. साहजिकच इथल्या रेंजवर अनुभवी माणूस भेटला तर तो रायफलवाला असण्याची शक्यता बरीच असते, आणि त्याचा सल्ला कितीही प्रेमाचा असला तरी ट्रिगरच्या बाबतीत तो पिस्तुलाला जसाच्या तसा लागू पडत नाही. मानसिक तयारी, श्वास, स्पर्धेतले वेळेचे भान याविषयी मात्र त्या ज्येष्ठ बाईंकडून जितके शिकता येईल तितके अवश्य शिका.

आता तुमचे हत्यार पाहू. नियमानुसार एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा असावा लागतो आणि पिस्तुलाचे वजन साधारण एक किलो असते, म्हणजे पिस्तुलाच्या जवळजवळ निम्म्या वजनाइतका जोर तुम्ही एका बोटाने लावता. हे पिस्तूल एकाच हाताने, कशाचाही आधार न घेता, हात लांबवून धरायचे असते. ज्या हाताने ते स्थिर धरायचे त्याच हाताच्या एका बोटाने ट्रिगर दाबायचा, ही या खेळातली खरी अडचण आहे. रायफलमध्ये आणि दुहाती पिस्तुलात ती एवढ्या तीव्रपणे जाणवत नाही. बोटाचा जोर नळीच्या रेषेत सरळ मागे आला तर तो तळहातावर येऊन विरतो. तो तिरका असेल तर त्यातला काही भाग पिस्तूल आडवे ढकलतो. दिशा फक्त दहा अंशांनी तिरकी असली, तरी ५०० ग्रॅमपैकी सुमारे ८५ ग्रॅमचा जोर डावीकडे किंवा उजवीकडे लागतो, आणि तो नेमका शॉट सुटण्याच्या क्षणी लागतो.

त्याचा परिणाम किती होतो याचा हिशेब प्रत्येक नवीन नेमबाजाने एकदा कागदावर मांडावा, असे माझे मत आहे. एअर पिस्तुलाच्या फोरसाइट (नेम धरण्यासाठी नळीच्या पुढच्या टोकावर असलेली खूण) आणि बॅकसाइट यांच्यात साधारण ३३ सेंटीमीटर अंतर असते आणि लक्ष्य १० मीटरवर असते, म्हणजे त्या अंतराच्या सुमारे तीस पट लांब. फोरसाइट बॅकसाइटच्या खाचेत एक मिलिमीटर डावीकडे सरकली, की छर्रा लक्ष्यावर सुमारे ३० मिलिमीटर डावीकडे जातो. दहा गुणांच्या मधल्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर आहे आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटरने बाहेर सरकते, म्हणून तो शॉट सातवर पडतो. अर्धा मिलिमीटर सरकली तरी नऊचे वर्तुळ काठावरच मिळते. उलट दोन्ही साइट एकमेकींशी नीट जुळलेल्या असतील आणि श्वासामुळे किंवा नाडीच्या ठोक्यामुळे सगळा हातच पाच मिलिमीटर बाजूला डुलला असेल, तर छर्राही फक्त पाच मिलिमीटर बाजूला लागतो आणि दहाच मिळतो. हात डुलणारच, जागतिक दर्जाच्या नेमबाजाचाही डुलतो. शॉट खराब होतो तो साइटची जुळणी बिघडल्यामुळे, आणि ती बिघडवण्याचे काम बहुतेक वेळा ट्रिगरवरचे बोट करते.

म्हणून बोट कुठे ठेवायचे याची माझी कसोटी एकच आहे : दाबताना फोरसाइट खाचेत हलता कामा नये. बहुसंख्य हातांत ही कसोटी पहिल्या पेराच्या मांसल भागावर, म्हणजे नखाच्या मागच्या बाजूला असलेल्या फुगीर भागाच्या मध्यावर किंवा तिथून सांध्याकडे किंचित सरकलेल्या जागी पूर्ण होते. तिथे स्पर्शाची जाणीव चांगली असते, दाब किती वाढला हे कळते, आणि बोटाचे मधले पेर नळीला समांतर राहत असल्यामुळे पहिले पेर ट्रिगरवर काटकोनात बसते. बोट अगदी टोकाने टेकवले, तर टोक ट्रिगरवरून निसटत डावीकडे ढकलते. सांध्यापर्यंत आत घेतले, तर बोट वळताना ट्रिगरला आपल्याकडे, म्हणजे उजवीकडे ओढू पाहते. हे सर्व उजव्या हाताचे वर्णन आहे. डावखुऱ्या वाचकांनी दिशा उलट घ्याव्यात. तर्जनीचा बाकीचा भाग, विशेषतः तिचे बुडाकडचे पेर, ग्रिपच्या लाकडाला चिकटलेले नसावे. बोट आणि लाकूड यांच्यात फट दिसली पाहिजे, कारण बोट लाकडाला घासत मागे आले की ते लाकडालाही सोबत ढकलते.

आता ग्रिपकडे येऊ. हात लहान आणि ग्रिप मोठी असली की दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर पिस्तूल तळव्यात नीट बसते पण बोट ट्रिगरपर्यंत जेमतेम टोकानेच पोहोचते, किंवा बोट पोहोचावे म्हणून मनगटाजवळची पकड नकळत उजवीकडे फिरवली जाते आणि नळी पुढच्या हाताच्या रेषेत राहत नाही. दोन्ही प्रकारांत छर्रे डावीकडे जाऊ शकतात. पहिल्या प्रकारात ते बोटाच्या ढकलण्याने जातात. दुसऱ्या प्रकारात मनगट स्वतःला सरळ करू पाहते म्हणून जातात. तुम्ही बोट कितीही ठरवून पेराच्या मध्यावर ठेवा, ग्रिप बदलली नाही तर दहाव्या-पंधराव्या शॉटपर्यंत ते आपोआप टोकावर घसरेल, आणि मग दोष तुमच्या एकाग्रतेला दिला जाईल. तो तुमचा दोष नाही.

तेव्हा प्रशिक्षकांना पुढच्या वेळी बोटाविषयी विचारण्याआधी ग्रिपविषयी विचारा. स्पर्धेच्या पिस्तुलांच्या ग्रिप लहान, मध्यम आणि मोठ्या अशा मापांत मिळतात आणि एका स्क्रूने बदलता येतात; क्लबच्या कपाटात एखादी लहान ग्रिप पडून असण्याची शक्यता अगदीच कमी नाही. ती नसेल तर ट्रिगरचे पाते, म्हणजे बोट टेकते तो भाग, मागे सरकवता येते. स्पर्धेसाठीच बनवलेल्या बहुतेक पिस्तुलांत हे पाते पुढे-मागे सरकते, थोडे वळवताही येते, म्हणजे ते बोटाच्या कलाशी जुळवून घेता येते. पिस्तूल क्लबचे आणि अनेकांच्या वापरातले असल्यामुळे हा बदल स्वतःहून करू नका. प्रशिक्षकांकडून करून घ्या, पाते कोणत्या खुणेवर ठेवले ते वहीत लिहून ठेवा आणि प्रत्येक सरावाच्या सुरुवातीला ते त्याच खुणेवर आहे ना हे पाहा. क्लबच्या पिस्तुलाची ग्रिप तासून लहान करण्याचा मोह तर मुळीच धरू नका. सहा महिन्यांनी स्वतःचे पिस्तूल घेतलेत, तर लाकूड तासायचे आणि पुटी भरायचे सगळे हट्ट तेव्हा पुरवून घ्या.

पिस्तूल हातात घेण्याची पद्धतही एकदा तपासून पाहा. डाव्या हाताने नळीकडून पिस्तूल धरा, उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खोबण ग्रिपच्या मागच्या वळणात जाईल तेवढी वर बसवा, मग मधले बोट आणि अनामिका यांनी ग्रिप समोरून सरळ मागे दाबा. करंगळीने आवळू नका, अंगठा नुसता टेकलेला असू द्या. तर्जनी सगळ्यात शेवटी ट्रिगरकडे जाते. बरेच जण आधी तर्जनी ट्रिगरवर ठेवतात आणि बाकीचा हात तिच्या सोयीने गुंडाळतात, त्यामुळे प्रत्येक शॉटला पकड थोडी वेगळी होते. पकड रोज आणि दर शॉटला सारखीच बसली, तर बोटही न पाहता त्याच जागी जाऊन टेकते.

तुमच्या शॉटचे वर्णन फक्त डावीकडे असे नाही, थोडे खाली असेही आहे, आणि त्या खालीचा माग वेगळा आहे. उजव्या हाताच्या नेमबाजाचे छर्रे डावीकडे-खाली जातात तेव्हा बहुधा ट्रिगर दाबताना एकटी तर्जनी हलत नाही, सगळी मूठच आवळली जाते. बोटांचे स्नायू एकमेकांशी जोडलेले आहेत; एक बोट मिटताना बाकीचीही त्याला साथ देऊ पाहतात, आणि मन घाईत असेल तर ही साथ जास्तच होते. काळे वर्तुळ साइटवर नीट आले की मन म्हणते, आत्ताच, आणि बोट झटक्यात मिटते. त्या झटक्यात करंगळी आणि अनामिकाही आवळतात, नळीचे तोंड खाली जाते आणि मनगट आत वळते. म्हणून तुमच्या बाबतीत दोन कारणे एकत्र आली असावीत, असा माझा अंदाज आहे : ग्रिपमुळे बोट टोकावर येते हे डावीकडचे कारण, आणि मूठ आवळते हे खालचे कारण.

कदाचित तुम्हाला क्लबमध्ये कोणीतरी तो गोल तक्ता दाखवला असेल, ज्यात लक्ष्याचे भाग पाडून प्रत्येक भागासमोर एकेक चूक लिहिलेली असते. तो तक्ता सावधपणे वापरा. तो उजव्या हाताने, एकहाती, सावकाश नेमबाजी करणाऱ्यांसाठी आहे आणि साइट आधीच बरोबर लावलेल्या आहेत असे त्यात गृहीत धरलेले आहे. एकाच जागी पडणाऱ्या छऱ्यांची कारणे दोन-तीन असू शकतात. छर्रा कुठे पडला हे पाहून चूक ओळखण्यापेक्षा शॉट सुटताना फोरसाइट कुठे गेली हे पाहून ओळखणे कितीतरी खात्रीचे आहे.

ते पाहण्याचा मार्ग म्हणजे छर्रा न भरता, समोर लक्ष्य न ठेवता, पांढऱ्या भिंतीवर किंवा कोऱ्या कागदावर केलेले ड्राय फायरिंग. लक्ष्य नसल्यामुळे डोळ्याला फोरसाइटखेरीज पाहायला काही उरत नाही आणि ‘आत्ताच’ म्हणायला मनाकडे काही कारणही राहत नाही. ट्रिगर सुटण्याच्या क्षणी फोरसाइट खाचेत डावीकडे सरकली, तर बोट ढकलत आहे. बोट किंचित आत घ्या, म्हणजे नखाच्या अर्ध्या रुंदीहून कमी, आणि पुन्हा दहा वेळा पाहा. ती खाली बुडाली, तर मूठ आवळत आहे. ती उजवीकडे सरकू लागली, तर बोट गरजेपेक्षा जास्त आत गेले आहे. ती जागची हललीच नाही आणि तरीही खरे छर्रे डावीकडेच जात असतील, तेव्हाच बॅकसाइटचा विचार करायचा. एका सरावात बोटाची जागा एकदाच बदला. दोन गोष्टी एकत्र बदलल्या तर कशामुळे काय झाले हे कळत नाही. काही एअर पिस्तुलांत ड्राय फायरिंगसाठी वेगळी कळ असते, ती लावून घ्या. आणि पुढे कधी .२२ इंची गोळीचे पिस्तूल हातात आले, तर रिकाम्या नळीवर ड्राय फायरिंग करू नका, कारण त्यात फायरिंग पिन नळीच्या मागच्या काठावर आदळून त्याला खाच पाडते.

दाबण्याच्या कृतीविषयी थोडे सांगायला हवे, कारण बोट योग्य जागी असूनही ते चुकीच्या वेगाने चालवले तर फायदा होत नाही. तुमच्या पिस्तुलाचा ट्रिगर बहुधा दोन टप्प्यांचा आहे. पहिल्या टप्प्यात पाते थोडे मागे येऊन एका भिंतीला टेकल्यासारखे थांबते, आणि दुसऱ्या टप्प्यात फारसे न हलता सुटते. पुष्कळ नेमबाज ५०० ग्रॅमपैकी मोठा वाटा पहिल्या टप्प्यात ठेवतात, म्हणजे शेवटी थोडाच जोर उरतो. पिस्तूल लक्ष्यावरून खाली येऊन स्थिर होत असतानाच पहिला टप्पा घेऊन टाका. मग नजर फोरसाइटवर ठेवून दाब सतत आणि हळूहळू वाढवत राहा, आणि शॉट नेमका कधी सुटेल हे ठरवू नका. टूथपेस्टच्या नळीतून शेवटची पेस्ट काढताना जसा एकसारखा दाब देतो तसा तो असावा. हात डुलत आहे म्हणून दाब थांबवायचा आणि मध्य आला की पुन्हा सुरू करायचा, या सवयीतूनच झटका जन्माला येतो. साधारण आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही, तर पिस्तूल खाली घ्या, श्वास घ्या आणि पुन्हा सुरुवात करा. पात्रता फेरीत ६० शॉटसाठी सव्वा तास मिळतो, त्यामुळे दोन-चार वेळा हात खाली घेतल्याने वेळ संपत नाही. शॉट सुटल्यावरही बोट ताबडतोब पुढे सोडू नका. ते एक-दोन सेकंद मागेच धरून ठेवा आणि फोरसाइट कुठे परत आली ते पाहा. पाते सुटल्यानंतरही बरेच मागे जात असेल, तर त्याला मागे अडवणारा स्टॉप प्रशिक्षकांकडून जवळ घेऊन घ्या, कारण त्या मोकळ्या जागेत बोट अचानक धावते आणि छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच पिस्तूल हलवते.

मुंबईतल्या नोकरदार नेमबाजाला आणखी एक सूचना. संध्याकाळी फोर्टातून निघून गर्दीच्या लोकलमध्ये उजव्या हाताने वरचा दांडा धरून तुम्ही येत असाल आणि उतरल्यावर सरळ फायरिंग लाइनवर उभ्या राहत असाल, तर हाताचे स्नायू आधीच आवळलेले असतात आणि तर्जनी इतर बोटांपासून सुटी होत नाही. दांडा डाव्या हाताने धरा आणि क्लबमध्ये पोहोचल्यावर पंधरा-वीस मिनिटे पिस्तूल हातात घेऊ नका. पावसाळ्यात घामाने बोट पात्यावरून घसरते. सुती रुमाल जवळ ठेवा आणि दर काही शॉटनंतर बोट व पाते दोन्ही पुसा. तर्जनीचे नख लांब असेल तर कापा, कारण लांब नख लाकडाला किंवा ट्रिगरभोवतीच्या गार्डला अडते आणि मग बोट आपोआप दुसरी जागा शोधते. उजव्या हातात अंगठी घालत असाल तर ती रेंजवर काढून ठेवा. तिच्यामुळे अनामिकेचा दाब बदलतो आणि तो बदल तुम्हाला जाणवणारही नाही.

घरी पिस्तूल नसले तरी बोटाचा सराव करता येतो. गुंडाळलेला हातरुमाल ग्रिपसारखा मुठीत धरा, मधले बोट आणि अनामिका यांचा दाब कायम ठेवा आणि तर्जनी एकटी, अगदी सावकाश मिटा. डाव्या हाताची बोटे उजव्या मुठीवर ठेवा, म्हणजे बाकीची बोटे चोरून हलतात का ते कळते. सुरुवातीला ती हलतीलच. दूरदर्शन पाहताना दोन-तीन मिनिटे केले तरी चालते. महिनाभरात फरक दिसू लागतो.

एका गोष्टीवर मात्र मी काटेकोर राहणार आहे, कारण तुमच्या पत्रात बोट ट्रिगरवर कधी ठेवावे याचा उल्लेखच नाही. पिस्तूल लक्ष्याच्या दिशेने उचलले जाईपर्यंत तर्जनी ट्रिगरवर असता कामा नये. ती गार्डच्या बाहेर, पिस्तुलाच्या बाजूला सरळ ठेवावी. छर्रा भरताना, पेटीतून काढताना, शेजाऱ्याशी बोलायला वळताना किंवा टेबलावर ठेवताना बोट आत असेल, तर सर्व सल्ले व्यर्थ आहेत. भरण्याची आज्ञा झाल्याशिवाय छर्रा भरू नये, शॉट मारून झाल्यावर चेंबरमध्ये, म्हणजे छर्रा भरायच्या जागेत, रंगीत सुरक्षा फ्लॅग घालावा, आणि ड्राय फायरिंगही फायरिंग लाइनवर किंवा त्यासाठी ठरवलेल्या जागीच करावे. हे तुम्ही पाळत असाल याची मला खात्री आहे, तरी नेमके बोट कुठे ठेवावे या चर्चेत ते लिहिले नसते तर उत्तर अर्धवट राहिले असते.

रायफलवाल्यांच्या गर्दीत पिस्तुलाचा चांगला हात पाहायचा असेल, तर वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर किंवा दादरच्या स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकात नेमबाजी चालते, तिथे परवानगी घेऊन एखाद्या सराव सत्रात मागे उभ्या राहा. अनुभवी पिस्तूल नेमबाजाच्या बाजूला, थोडे मागे उभे राहून त्याच्या तर्जनीचे मधले पेर नळीला समांतर आहे का आणि शॉटनंतर बोट किती वेळ मागे राहते एवढ्या दोनच गोष्टी पाहा. पुढेमागे २५ मीटर पिस्तुलाकडे वळायचे मनात असेल, तर तिथला ट्रिगर किमान १००० ग्रॅमचा असतो आणि वेगवान फेरीत हात खालून उचलून तीन सेकंदांत शॉट मारायचा असतो; तिथे बोट बहुधा किंचित अधिक आत येते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले, त्यांचे सामने पाहिलेत तर पिस्तूल वर येत असतानाच बोट कामाला लागलेले दिसेल. मात्र ती पुढची गोष्ट आहे. आज त्यांची नक्कल एअर पिस्तुलावर करू नका.

बॅकसाइटचा प्रश्न उरतो. ती उजवीकडे सरकवली की छर्रे उजवीकडे जातात हे खरे आहे, आणि त्या दिवशी तुम्हाला समाधानही मिळेल. पण कारण बोटात असेल तर ज्या दिवशी बोट चांगले चालेल त्या दिवशी छर्रे उजवीकडे पडू लागतील. म्हणून आधी ग्रिप आणि पात्याची जागा नक्की करा, मग दोन-तीन आठवडे ड्राय फायरिंग आणि खरे शॉट समसमान ठेवा, आणि त्यानंतर सलग दोन सरावांत छऱ्यांचा गट लहान पण मध्यापासून दूर पडत असेल तरच साइटला हात लावा. गट पसरलेला असेल तर लावूच नका. स्पर्धेला दोन महिने आहेत, तेव्हा बोट आणि ग्रिपचे सर्व बदल पहिल्या सहा आठवड्यांत संपवा. शेवटच्या पंधरवड्यात काहीही बदलू नका, अगदी कोणा पदकविजेत्याने सुचवले तरी नाही.

आणि पात्याची जागा किंवा टप्प्यांची विभागणी बदलल्यावर ट्रिगरचे वजन प्रशिक्षकांकडून पुन्हा मोजून घ्या. तपासणीत नळी उभी धरून पात्याच्या मध्याजवळ ५०० ग्रॅमचे वजन अडकवतात आणि ते ट्रिगर न सुटता उचलले गेले पाहिजे. सरावात कोणाच्या लक्षात न आलेली वीस-तीस ग्रॅमची घट स्पर्धेच्या दिवशी उपकरण तपासणीच्या टेबलावर उघडकीस येते, आणि क्लबचे पिस्तूल अनेकांच्या हातांतून जात असल्यामुळे हे मोजमाप स्पर्धेच्या आदल्या दिवशी आणखी एकदा करून घेतलेले बरे.